फोटोतली ‘कसलीतरी माशी’: परजीवी माश्या कुळापर्यंत कशा ओळखाव्यात

आरे कॉलनीत किंवा येऊरला सकाळची फेरी मारून आलेल्या कुणाच्याही मोबाइलमध्ये डोकावा. फुलपाखरांना नावं दिलेली असतात, चतुरांना असतात, हल्ली कोळ्यांनाही असतात. माश्यांचे फोटो मात्र ‘नंतर बघू’ म्हणून पडून राहतात. करडी, केसाळ, लाल डोळ्यांची माशी म्हणजे घरमाशीच, असा आपला समज असतो. पण त्याच ढिगात अशाही माश्या निघतात ज्यांच्या अळ्या सुरवंटाच्या पोटात, हिरव्या ढेकणाच्या अंगात किंवा कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यात वाढतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या लेखात फोटोवरून कुळापर्यंत कसं पोचायचं ते आहे, जातीपर्यंत नाही. टॅकिनिडी या एका कुळातच जगभरात साडेआठ हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे, आणि त्यातल्या कितीतरी जाती नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. अंगणातल्या फोटोवरून थेट जातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कुळ बरोबर आलं तर काम झालं. वंश जमला तर तो बोनस समजावा.

परजीवी म्हणताना इथे दोन तऱ्हा धरल्या आहेत. एकीत अळी यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर ती पोसते त्या प्राण्याच्या, शरीरात किंवा त्याच्या घरट्यात वाढते आणि शेवटी यजमान मरतो. दुसरीत माशी स्वतःच जनावराच्या वा पक्ष्याच्या अंगावर राहून रक्त पिते आणि यजमान जगतो. पहिल्या तऱ्हेच्या माश्या संख्येने कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे पुढचा बराचसा मजकूर त्यांच्यावरच आहे.

कुठे शोधायच्या

मुंबईत उत्तम काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. गवत उभं असतं, सुरवंट भरपूर असतात आणि ऊन अजून जाळत नसतं. सकाळी साडेसात ते दहा ही वेळ साधावी. अंग तापलेलं नसतं, तोवर माश्या पानावर ऊन खात बसतात. दहानंतर त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

फुलांपेक्षा पानांकडे जास्त बघा. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला की खालची पानं चिकट होतात, आणि तो गोड चिकटा चाटायला टॅकिनिड माश्या हमखास येतात. फुलं नसलेल्या महिन्यांत हीच त्यांची खाणावळ. फुलांमध्ये कंबरमोडी आणि घाणेरी बरी. उघड्या मातीच्या पायवाटा, बांधकामाच्या वाळूचे ढीग आणि जुन्या भिंतींवरची मातीची घरटी ही बॉम्बिलिड (लवदार, हवेत तरंगणाऱ्या) माश्यांची ठिकाणं. टेकडीच्या माथ्यावर काही टॅकिनिड नर एकेक झुडूप धरून बसतात आणि उठवलं तरी फिरून त्याच फांदीवर येतात. येऊरच्या चढावर दम लागला की थांबून नेमकं हेच बघावं.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फोटो खुशाल काढा, पण अळी, कोष, मेलेली माशी असं काही डबीत घालून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 किड्यांनाही लागू आहे. पाळून बघायचं असेल तर घरच्या कढीपत्त्यावरचे सुरवंट पुष्कळ आहेत.

चार फोटो, एका माशीचे

ओळख अडते ती बहुतेक वेळा फोटोपाशी. वरून काढलेला एकच देखणा फोटो असतो, आणि जे बघायचं ते पंखांखाली झाकलेलं असतं. म्हणून एका माशीचे चार फोटो लागतात. पहिला बरोबर वरून: त्यात पंखांच्या शिरा आणि छातीवरचे पट्टे दिसतात. दुसरा बरोबर बाजूने, माशीच्या पातळीवर कॅमेरा आणून. तिसरा समोरून, चेहरा आणि शृंगिका (डोक्यावरच्या स्पर्शिका) दिसतील असा. चौथा मागून तिरका, सुमारे 45 अंशांतून. वेळ कमी असेल तर बाजूचा आधी काढा. वरचा फोटो सगळेच काढतात, बाजूचा कुणीच काढत नाही, आणि टॅकिनिडची खूण बाजूनेच दिसते.

जवळ जाताना आपली सावली तिच्यावर पडू देऊ नका. माशी मागचे पाय पंखांवरून फिरवून स्वच्छता करायला लागली की बर्स्ट लावा, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो निघतील. त्या दोन सेकंदांत पंख उचलले जातात आणि एरवी झाकलेली छातीची मागची बाजू उघडी पडते. बाकी वेळ नुसतं थांबून राहायचं.

मोबाइल वापरत असाल तर पोर्ट्रेट मोड बंद करा. मागचं दृश्य धूसर करताना तो बारीक राठ केसही पुसून टाकतो. फोनचं आपोआप ‘शार्प’ करणंही घातक, कारण नसलेल्या कडा त्यात उमटतात. प्रो मोड आणि रॉ फाइल मिळत असेल तर उत्तम. क्लिपची मॅक्रो भिंग फार जवळ न्यावी लागते आणि माशी उडते, म्हणून फोनच्या टेलिफोटो लेन्सवर क्लिप लावली तर थोडं अंतर मिळतं. कॅमेऱ्यावर फ्लॅश असेल तर त्यापुढे ट्रेसिंग पेपरचा मोठा डिफ्यूझर लावा. उघड्या फ्लॅशने काळं अंग लखलखतं आणि त्यावरची करडी भुकटी दिसेनाशी होते. ही भुकटी प्रकाशाच्या कोनानुसार गडद-फिकी होते, तेव्हा रंगावरून काही ठरवण्याआधी दोन कोनांतून फोटो हवाच.

आकारासाठी माशीशेजारी नाणं ठेवायचा प्रयत्न करू नका. ती उडून गेल्यावर त्याच झूमवर त्याच पानाशेजारी पट्टी धरून एक फोटो काढा.

आधी ही माशी आहे का ते ठरवा

माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे दोन संतोलक असतात. चार पंख दिसले की विषय संपला: ती मधमाशी, गांधीलमाशी किंवा तिच्या गोतावळ्यातलं कुणीतरी. गांधीलमाशीचे मागचे पंख पुढच्यांना अडकलेले असतात आणि फोटोत दोनच वाटतात. तेव्हा शृंगिका बघा. गांधीलमाशीच्या लांब, बऱ्याच पेरांच्या असतात. आपण ज्या माश्या शोधतोय त्यांच्यापैकी बहुतेकींच्या आखूड, तीन पेरांच्या, आणि तिसऱ्या पेरावर एक बारीक केस उभा. त्या केसाला अरिस्टा म्हणतात. तो पुढे कामाला येणार आहे.

टॅकिनिडी

मुंबईत दिसणाऱ्या परजीवी माश्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ याच कुळात होतो. तीन जागा तपासायच्या, आणि याच क्रमाने.

पहिली पंखाची. पंखाच्या मधल्या भागातून टोकाकडे जाणारी शीर कडेला पोचण्याआधी झटक्यात पुढे वळते. हे वळण दिसलं की फुलांवरच्या कितीतरी साध्या माश्या बाद होतात. पण घरमाशीतही ही शीर अशीच वळते, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका.

दुसरी जागा बाजूच्या फोटोत, मागच्या पायाच्या मुळाच्या किंचित वर. तिथे राठ केसांची एक उभी ओळ असते. घरमाशीच्या कुळात ती नसते. टॅकिनिड, मांसमाशी (सार्कोफॅजिडी कुळ) आणि चमकदार निळ्या-हिरव्या माश्यांची कॅलिफोरिडी या तिघींत ती असते. म्हणजे आता तीन संशयित उरले.

तिसरी जागा निर्णायक. छातीच्या मागच्या टोकाला अर्धगोल ढाल असते, तिला स्क्युटेलम म्हणतात. बाजूने पाहिलं तर टॅकिनिडमध्ये या ढालीच्या खाली आणखी एक ठळक, गोलसर फुगवटा दिसतो, हनुवटीखाली दुसरी हनुवटी असावी तसा. तोच सबस्क्युटेलम. मांसमाशीत आणि कॅलिफोरिडीत ही जागा सपाट किंवा खोलगट असते. फुगवटा स्पष्ट दिसला की टॅकिनिड म्हणायला हरकत नाही.

आता फोटोत फुगवटा दिसतच नाही, असं बऱ्याचदा होतं. मग दुय्यम खुणा गोळा करायच्या. पोटावर, विशेषतः प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला, उभे जाड राठ केस असतील तर टॅकिनिडकडे कल. अरिस्टा उघडा, केसरहित असेल तर तसंच. मांसमाशीचा अरिस्टा मुळाकडच्या अर्ध्या भागात बहुधा पिसासारखा असतो. तिच्या करड्या छातीवर तीन ठळक काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-रुपेरी चौकट, आणि चौकटीतले घर कोन बदलला की काळ्याचं रुपेरी होतं. टॅकिनिडच्या छातीवर बऱ्याचदा चार किंवा पाच पट्टे असतात. पट्टे मोजणं सोपं म्हणून लोक तिथेच थांबतात, पण अपवाद दोन्हीकडे आहेत. पट्ट्यांना साक्षीदार समजा, न्यायाधीश नको.

अंगावर धातूची चमक असेल तर पहिला संशय कॅलिफोरिडीवर. मासळी बाजारात सुक्या बोंबलावर बसणारी मोठ्या लाल डोळ्यांची निळसर-हिरवी क्रायसोमिया मेगासेफाला ही त्यातलीच. ती परजीवी नाही.

आणि एक त्रासदायक गट: टॅकिनिडमधलंच फॅसिनी उपकुळ. यांच्या अंगावर केस कमी, पोट कधी गोल नारिंगी, कधी लांबट लाल-काळं गांधीलमाशीसारखं. केस नाहीत म्हणून टॅकिनिड नाही असा निष्कर्ष इथे फसतो. फॅसिनी ढेकणांवर अंडी घालतात. भाजीच्या मळ्यातल्या हिरव्या ढेकणाच्या पाठीवर पांढरं, लंबगोल, घट्ट चिकटलेलं अंडं दिसलं तर त्याचाही फोटो घ्या.

सराव म्हणून एक फोटो बघू. समजा रुईच्या पानावर करडी, सुमारे 9 मिमी लांबीची माशी आहे. पंखाची शीर वळलेली. छातीवर चार पट्टे. पोटाच्या मागच्या टोकाला लांब काळे केस. बाजूचा फोटो किंचित हललेला, पण स्क्युटेलमखाली एक उजळ गोलाई जाणवते. अरिस्टा उघडा. मी याला ‘टॅकिनिडी’ म्हणेन आणि थांबेन. बाजूचा फोटो अजिबात नसता तर ‘टॅकिनिडी असावी’ म्हणालो असतो. आणि छातीवर तीन पट्टे, पोटावर चौकट, अरिस्टा अस्पष्ट असं असतं, तर ‘मांसमाशी’ लिहून पुढच्या फोटोकडे वळलो असतो.

मांसमाशीच्या कुळातही परजीवी आहेत हे मात्र लक्षात असू द्या. मिल्टोग्रॅमिनी गटाच्या छोट्या करड्या माश्या शिकार घेऊन घरट्याकडे निघालेल्या गांधीलमाशीच्या मागे ठरावीक अंतर राखून उडतात आणि संधी साधून तिच्या शिकारीवर आपल्या जिवंत अळ्या सोडतात. इथे खुणेपेक्षा वागणं बोलकं. एका फोटोत पुढे सुरवंट ओढणारी गांधीलमाशी आणि मागे हातभर अंतरावर बसलेली करडी माशी आली, तर तो फोटो कापून फक्त माशी ठेवू नका.

बॉम्बिलिडी आणि मातीची घरटी

या ओळखायला त्यामानाने सोप्या. अंगावर मऊ लव, हवेत एका जागी तरंगणं, आणि बसल्यावर पंख पाठीवर न मिटता दोन्ही बाजूंना तिरके पसरलेले. काहींना पुढे सरळ रोखलेली लांब सोंड असते, काहींना नसते. सोंड नाही म्हणून बाद करू नका. ॲन्थ्रॅक्स आणि लिगायरासारख्या वंशांत सोंड आखूड असते, पण पंखांवर गडद तपकिरी-काळे डाग असतात. फुलमाश्याही तरंगतात, पण त्यांच्या पंखात कडेला समांतर जाणारी खोटी कड दिसते आणि अंग बहुधा गुळगुळीत असतं. रॉबर फ्लाय या शिकारी माश्यांशीही गल्लत होते. त्यांच्या दोन डोळ्यांमध्ये डोक्यावर खोलगट खाच असते आणि तोंडापुढे दाट मिशी.

मादी उघड्या मातीवर पोटाचं टोक टेकवून धूळ उडवताना दिसली तर भरपूर फोटो काढा. अंड्यांना लेपायला ती पोटाच्या टोकाच्या पिशवीत बारीक वाळू भरून घेत असते. मग घरट्याच्या तोंडापुढे तरंगत राहून पोट झटकते आणि अंडी आत फेकते.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारणीने बांधलेलं मातीचं घरटं असेल तर ते पाडू नका. अधूनमधून भिंगातून बघा. छिद्रातून अर्धं बाहेर आलेलं पोकळ, तपकिरी कवच अडकलेलं दिसलं आणि त्याच्या डोक्याकडे काट्यांचा मुकुट असेल, तर आतून बॉम्बिलिड निघून गेली आहे. उडता न येणाऱ्या कोषाने त्या काट्यांनी माती कोरून वाट केलेली असते. माशी दिसली नाही तरी हा फोटो पुराव्याला पुरतो.

बाकीच्या, थोडक्यात

कोनोपिडी पहिल्या नजरेला गांधीलमाशीच वाटतात. कंबर बारीक, पोटाचं टोक खाली वळलेलं, डोकं छातीपेक्षा रुंद, चेहरा फुगीर आणि लांब, कोपरासारखी वाकणारी सोंड. त्या फुलांजवळ टपून बसतात आणि उडत्या मधमाशीवर किंवा गांधीलमाशीवर झडप घालून तिच्या पोटात अंडं घालतात. पंख दोनच आहेत एवढं पाहिलं की अर्धी ओळख पटते.

गवतात तरंगणारी तीन-चार मिलिमीटरची काळी माशी, जिचं जवळजवळ गोल डोकं म्हणजे नुसते डोळेच, ती पिपनक्युलिडी. तुडतुड्यांची परजीवी. फोटोत धरणं महाकठीण.

पहिल्या पावसात रस्त्याच्या दिव्याखाली हुमणीचे भुंगेरे पडतात, तेव्हा तिथेच पंखांवर तपकिरी नक्षी असलेली, मोठ्या डोक्याची माशी बघा. पायरगोटिडी हे निशाचर कुळ उडत्या भुंगेऱ्यांवर अंडी घालतं. मुंबईच्या किडेवेड्यांनी याकडे जवळपास दुर्लक्षच केलं आहे.

आणि कबुतरं. एसीच्या खोबणीत कबुतरं असतील तर कधीतरी घरात चपटी, कडक, खेकड्यासारखी तिरकी धावणारी माशी येते. चिमटीत दाबली तरी लवकर मरत नाही. ही हिप्पोबोस्किडीमधली स्युडोलिंकिया कॅनारिएन्सिस असण्याची शक्यता फार. हे एक नाव मी फोटोवरून धीर करून लिहितो, कारण कबुतर हा यजमानच मोठा पुरावा आहे. ती कबुतरांमध्ये हिमोप्रोटियस हा रक्तातला परजीवी पसरवते, आणि क्वचित माणसालाही चावते. कुत्र्यांच्या आणि गुरांच्या अंगावर दिसणाऱ्या चपट्या माश्याही याच कुळातल्या. त्यांना सरसकट गोमाशी म्हणतात, पण त्याच नावाने ओळखली जाणारी जाडजूड रक्तपिपासू टॅबॅनिडी वेगळी.

यजमानाचा पुरावा

घरच्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावरचा सुरवंट पाळलात आणि फुलपाखराऐवजी माशी निघाली, तर निराश होऊ नका. ही नोंद बाहेरच्या दहा फोटोंपेक्षा मोलाची, कारण यजमान पक्का कळतो. सुरवंटाच्या डोक्यामागे पांढरी, चिकटलेली अंडी आधीच दिसली तर तेव्हाच फोटो घ्या. रेशीम उत्पादक उझी माशीला अशाच खुणांनी ओळखतात: रेशीमकिड्यावर बारीक पांढरं अंडं, आणि अळी आत शिरली तिथे काळा डाग. 1980 मध्ये ही माशी कर्नाटकात पोचली तेव्हापासून तिथले शेतकरी हे डाग शोधतच आहेत.

काही टॅकिनिडच्या अळ्या फुलपाखराच्या कोषातून बाहेर पडताना चिकट धाग्यावरून खाली उतरतात. कोषाखाली लोंबणारे पांढरट धागे दिसले की डब्याच्या तळाशी लालसर-तपकिरी कॅप्सूलसारखे कोष शोधा. त्याऐवजी सुरवंटाच्या अंगावर पांढऱ्या कापसाळ कोषांचा पुंजका असेल तर ते काम गांधीलमाश्यांच्या नातलगांचं, माशीचं नव्हे.

कोषातून माशी निघायला मुंबईच्या उबेत साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. निघाल्या निघाल्या फोटो काढून ओळखायला बसू नका. तिच्या कपाळावर कोष फोडायचा फुगा अजून आत-बाहेर होत असतो, अंग मऊ आणि फिकं असतं, पंख चुरगळलेले. पाच-सहा तास जाऊ द्या.

नोंद

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन ठिकाणी फोटो टाकताना ॲप जे नाव सुचवतं ते बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेत जास्त फोटो असलेल्या जातीचं असतं. सुचवलेली जात भारतात आढळते का एवढं तपासा, आणि खात्री नसेल तर हाताने कुळाचं नाव निवडा. एका माशीचे सगळे फोटो एकाच नोंदीत घाला. शेजारच्या पानावरची ‘तीच असावी’ अशी दुसरी माशी त्यात मिसळू नका; तज्ज्ञाला बाजूचा फोटो एकीचा आणि पंख दुसरीचे मिळाले की नोंद कायमची बिघडते. तारीख, वेळ, जागा, झाडाचं नाव, ती चिकटा चाटत होती की अंडी घालत होती, हे शब्दांत लिहा.

घरी पाळलेल्या सुरवंटातून निघालेली माशी मेल्यावर ठेवायची असेल तर अल्कोहोलमध्ये टाकू नका. अंगावरची करडी भुकटी त्यात जाते आणि रंग बिघडतात. ती कोरडी, टाचणीवर ठेवा. तिच्याच कोषाचं रिकामं कवच आणि सुरवंटाचे उरलेले अवशेष छोट्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून त्याच टाचणीला खाली टोचा, आणि लेबलवर सुरवंट कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला सापडला ते पेन्सिलीने लिहा.